सहा महिन्यांची ओटी

अंगावर पाजण्याबद्दल बोलायला मी उभा राहतो तेव्हा सुरुवातीला खोलीत कुणीच माझ्याकडे बघत नाही. समोर बसलेल्या आरोग्यसेविका वहीत डोकं घालतात, पंख्याकडे बघतात, उगाच पदर सारखा करतात. त्यांचं चूक नाही. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस समोर उभा आहे आणि त्याच्या हातात एक तपकिरी मोजा आहे. माझ्या बायकोने त्यात कापूस भरून, टोकाला गडद लोकर शिवून स्तन तयार करून दिला आहे. दुसऱ्या हातात कापडी बाहुली. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या वस्त्यांमधून घरोघर फिरणाऱ्या सेविकांना बाळंतिणीशी कसं बोलावं ते शिकवणं हे माझं काम. एका छोट्या संस्थेत बरीच वर्षं मी ते करतो आहे.

खोलीतली कोंडी बहुतेक वेळा तो मोजाच फोडतो.

"सर, एकच? दुसरा कुठंय?" मागच्या रांगेतून हमखास कुणीतरी विचारतं.

"दुसरा धुवायला टाकलाय."

मग हशा होतो, माना वर होतात आणि काम सुरू होतं. बाळाचं तोंड किती उघडलेलं असावं, हनुवटी कुठे टेकावी, नुसतं बोंड तोंडात दिलं तर आईला चिरा का पडतात. हे सगळं बायकांना लवकर येतं. अवघड जातं ते बोलणं. सेविकेच्या तोंडात पहिला प्रश्न येतो, "अंगावर पाजतेस ना?" आता या प्रश्नाला "हो" सोडून दुसरं उत्तर कुठली बाई देईल? शेजारी सासू बसलेली, दारात सेविका उभी. म्हणून मी शिकवतो, असं विचारा: "काल सकाळपासून बाळाला काय काय दिलंस?" आणि विचारून गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात कठीण, कारण सेविकेला अजून अख्खी गल्ली करायची असते आणि डोक्यावर ऊन असतं.

हे मी शिकवत होतो. आणि गेल्या वर्षी मीच असा एक कार्यक्रम काढला की ज्यात प्रत्येक आईला भर सभेत "पाजतेस ना?" असं विचारल्यासारखं झालं. ते मला तेव्हा दिसलं नाही. आता रोज दिसतं.

झालं असं की आमच्या बैठकांना सासवा येत नव्हत्या. तरुण आया यायच्या, ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि घरी जाऊन सासू सांगेल तसं करायच्या. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं, मध चाटवायचा, तिसऱ्या महिन्यापासून वरचं दूध. सासवांना खोलीत आणायचं कसं, यावर विचार करता करता मला ओटी सुचली. जिने सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही दिलं नाही, पाणीसुद्धा नाही, तिची वस्तीसमोर ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. कुणाची भरायची ते त्या त्या गल्लीची सेविका सांगेल. तिचा शब्द प्रमाण.

सेविकांना कल्पना आवडली. एकीला सोडून. ती मुलुंडच्या एका वस्तीतली, घरचे मूळचे जालन्याकडचे, बौद्ध. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ती म्हणाली, "सर, आमच्याकडे ओटी नाही भरत. कुंकू-बिंकू आम्ही करत नाही."

"मग तुमच्याकडे फूल देऊ, साडी देऊ."

"ते ठीक आहे. पण जिला जमलं नाही तिचं काय? तिने खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायच्या?"

"तिच्यासाठीही काहीतरी करू," मी म्हणालो आणि तिच्या डब्यातली लसणाची चटणी मागून घेतली.

तिच्यासाठी मी काहीही केलं नाही. खरं सांगायचं तर तो प्रश्न मी चटणीबरोबर गिळला. मला कार्यक्रम करायचा होता.

आणि कार्यक्रम झकास झाला. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत समाजमंदिराचा हॉल आहे, तिथे पहिल्यांदा सासवा आल्या. ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत गजरे माळून आल्या. एरवी रस्त्यात चुकवून जाणाऱ्या बायका सेविकेला हाताला धरून सांगायला लागल्या, "माझ्या सुनेचं नाव घे हं, विसरशील." फोटो निघाले. ते बघून संस्थेतल्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. दर दोन महिन्यांनी कार्यक्रम ठरला. टाळ्या मला आवडतात हे मला या वयात कळलं.

दुसऱ्या की तिसऱ्या कार्यक्रमात त्याच वस्तीतल्या एका तरुण मुलीची ओटी भरली. मुलुंडला औषधांच्या बाटल्यांचं पॅकिंग करणाऱ्या छोट्या कारखान्यात ती कामाला. पहिलीच मुलगी. सासू मालवणकडची, सासरे गिरणीत होते, आता नाहीत. नवरा रिक्षा चालवतो. सासूने नातीला वर उचलून सगळ्यांना दाखवली. सून मात्र खुर्चीत ताठ बसली होती, पदर दोन्ही हातांनी धरून, आणि नारळ पदरात पडला तेव्हा तिने मान वर केली नाही. मला वाटलं लाजते आहे. मी तिच्या मागे उभा राहून फोटोसाठी हसलो.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. त्या वस्तीतल्या सेविकेचा फोन आला. ही बाई गुटगुटीत, हसरी, फोनवरही मोठ्याने बोलणारी. त्या दिवशी आवाज उतरलेला होता.

"सर, ती पॅकिंगवाली नाही का, जिची ओटी भरली? तिच्या पोरीचं वजन उतरलंय. सारखे जुलाब. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, बाहेरचं काय देता? ह्या म्हणतात, काही नाही, आईचंच. बरं, पेज-बिज चालू करा म्हटलं तर ती पण पोटात राहत नाही म्हणतात. औषध चालू आहे, फरक नाही."

"तुला काय वाटतं?"

मग ती म्हणाली, "मला काय वाटणार सर? ओटीला शब्द मीच दिला होता ना."

मी फोन ठेवला. आई दिवसभर कामावर असते हे सेविकेला माहीत होतं. मलाही माहीत होतं. सकाळी निघून संध्याकाळी परतणारी बाई सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं देते, तेही दूध काढून ठेवायची सोय नसताना, हे कसं जमलं असेल, हा साधा प्रश्न आम्ही दोघांनीही विचारला नव्हता. विचारला असता तर एक ओटी कमी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या घरी गेलो. डोंगराच्या पायऱ्या चढताना मला दम लागत होता. ती पुढे, मी मागे. मध्येच थांबून ती म्हणाली, "सर, तुम्ही पटकन काही बोलू नका हां. म्हातारी तोऱ्यात आहे सध्या."

घर एका खोलीचं, लख्ख घासलेलं. सून घरीच होती, मुलगी आजारी म्हणून कामावर खाडा केला होता. ती ओट्याकडे तोंड करून भांडी लावत राहिली. मुलगी चादरीवर पडली होती. मी बरीच बाळं बघितली आहेत. हिचे डोळे मोठे वाटत होते, कारण चेहरा लहान झाला होता. आणि तिच्या बरोबर वर, भिंतीवर, प्लॅस्टिकमध्ये घालून लावलेला ओटीचा फोटो. त्यात सून, सासू, गुटगुटीत सेविका आणि मागे दात दाखवणारा मी.

"या या, बसा," सासू म्हणाली. "सर स्वतः इले! फोटो बघितलास? पलीकडची रोज बघूक येता. तिच्या सुनेचो नाय इलो इतको चांगलो."

मी फोटोखाली बसलो. जे मी वर्गात शिकवतो ते विचारायचं ठरवून आलो होतो. विचारलं, "आजी, काल सकाळपासून बाळाला काय काय दिलंत?"

"आवशीचा दूध. दुसरा काय नाय."

मी गप्प बसलो. शिकवतो तसाच. पण या घरात त्या गप्प बसण्याचा काही उपयोग नव्हता. माझा हसरा चेहरा भिंतीवरून त्यांच्याकडे बघत होता आणि खालीही मीच बसलो होतो. दोघींपैकी कुणी माझ्यासमोर काय बोलणार?

सेविकेने मुलीला मांडीवर घेतलं. तिचे पाय चोळत चोळत ती इकडचं तिकडचं बोलायला लागली. पाणी किती वाजता येतं, नवऱ्याची रिक्षा कशी चालते. मग म्हणाली, "आजी, देवळात दिसलात परवा. देवीच्या. एकट्याच उभ्या होतात."

सासूचा हात पदराकडे गेला. "गाऱ्हाणा घालूक गेल्लंय."

"एकट्याच? मग गाऱ्हाण्याला मागून 'होय महाराजा' म्हणायला कोण होतं?"

"कोण आसतला? मीच घातलंय, मीच व्हय महाराजा म्हटलंय."

सेविका हसली. सासूही थोडी हसली. मग सेविका अगदी हळू म्हणाली, "काय सांगितलंत देवीला? मलाही सांगा ना. मी पण हात जोडीन पोरीसाठी."

सासूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मला बाहेर जायला हवं हे तेव्हा सुचलं. मी उठून दाराबाहेर पायरीवर जाऊन बसलो, पाठ आत करून. पण खोली केवढीशी, सगळं ऐकू येत होतं.

"सांगितलंय, आई, चूक झाली," सासू म्हणाली. आवाज देवळातला होता. "सून कामाक जाता तेव्हा चेडवाक मी म्हशीचा दूध घालतंय. बाटलीन. जड पडात म्हणान निम्म्याक निम्मा पाणी. आणि ओटी घेतली ती खोटा बोलान घेतली. माझ्या हौशीन घेतली. सुनेचो काय दोष नाय. म्हणान चेडवाक बाधला. काय करायचा ता माझा कर, तिचा नको. तो नारळ पण मी देवीक परत देऊन इलंय."

मी पायरीवर बसून हे ऐकलं. त्या म्हातारीने आपलं सगळं खरं देवीला सांगितलं होतं. औषध देणाऱ्या डॉक्टरला नाही, दारात येणाऱ्या सेविकेला नाही. नात का वाळते आहे याचं कारण तिने आपल्या परीने शोधलं होतं: खोटी ओटी घेतली म्हणून. पाणी घालून पातळ केलेलं दूध आणि बाटलीचं कुबट झालेलं रबरी बूच तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्यांच्यावर तिचा संशय गेला नाही, कारण ओटीचा गुन्हा त्याहून मोठा होता. आणि ती ओटी मी भरली होती.

आत भांड्यांचा आवाज थांबला. सून बोलली. माझ्याशी नाही, पण मला ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

"मी नको म्हणत होते. म्हटलं, नाव देऊ नका. तर ह्यांचं एकच, पलीकडच्यांच्या सुनेची भरली, आपली का नाही! आणि समजा नसतं दिलं नाव, तरी काय? सगळ्या वस्तीला कळलंच असतं ना, हिचं का नाही घेतलं. चार महिने झाल्यावर मला सुपरवायझर म्हणाला, येतेस की दुसरी बघू? मी काय करायचं होतं, सांगा. छाती भरून यायची दुपारी, संडासात जाऊन पिळून टाकायचे मी. पिळून टाकायचे!"

यावर सेविकेने मी शिकवलेलं काहीही म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "बाई गं."

"सर," सेविकेने शेवटी हाक मारली, "या आत."

मी आत गेलो. सासू डोळे पुसत होती. तिने विचारलं, "ओटी आता परत घेतलास काय?"

"भरलेली ओटी कुणी परत घेतं का, आजी?" मी म्हणालो. "तुमची काही चूक नाही. ती अट मी घातली होती. अट चुकीची होती. पोरीला होतंय ते बाटलीमुळे आणि पाणी घातलेल्या दुधामुळे."

"म्हणजे देवी रागावली नाय?"

"देवीचं मला कळत नाही. बाटलीचं कळतं."

सेविका तोवर उठून फळीवरची बाटली घेऊन आली होती. बूच उलटं करून तिने सासूच्या नाकाला लावलं. सासूने तोंड फिरवलं. "कितीही उकळा आजी, इथे आत राहतंच. ही बंद. वाटी-चमचा घ्यायचा. दुधात पाणी नाही. पेज केली तर घट्ट, चमच्यावरून पडणार नाही अशी. आणि तू," ती सुनेकडे वळली, "घरात असशील तेव्हा हिला अंगावरच घे. मागेल तेव्हा. अजून येतंय ना?"

"रात्री येतं," सून म्हणाली.

"मग गेलेलं नाही. दुपारचं पिळून टाकायचं नाही, डब्यात काढून आणायचं. कसं ते मी दाखवते. पण आत्ता आधी दवाखाना. आत्ताच. आणि हे सगळं तिथे सांगायचं."

आम्ही चौघं आणि मुलगी खाली उतरलो. दवाखान्यात रांग होती. डॉक्टरांनी कागद बघितला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, बाहेरचं काही देता का? सुनेने सासूकडे बघितलं. सासूने कंबरेला पदर खोचला आणि रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: म्हशीचं, बाटलीने, निम्मं पाणी घालून, सून कामाला जायला लागल्यापासून. डॉक्टर काही बोलायच्या आत तिने वर म्हटलं, "आणि सुनेक काय बोलू नका. घालणारी मी."

डॉक्टरांनी बोलणं गिळलं आणि लिहायला घेतलं. मुलीला काही दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. मी दोनदा गेलो, बाहेरच्या बाकावर बसून आलो.

पुढच्या वर्गात मी मोजा पिशवीतून बाहेर काढला नाही. झालेलं सगळं सेविकांना सांगितलं, कुणाचं घर ते न सांगता. सांगून झाल्यावर म्हटलं, ओटीचा कार्यक्रम आजपासून बंद.

दुसऱ्या रांगेतली एकजण म्हणाली, "सर, माझ्या गल्लीतली एक आहे. मला तेव्हाच वाटलं होतं. फळीवर डबा दिसला होता पावडरचा."

"मग नाव का दिलंस?"

"तुम्ही मागच्या वेळी एकीला उभं करून म्हणालात ना, या बाईंच्या गल्लीत सगळ्यात जास्त ओट्या. सगळ्यांसमोर."

म्हणालो होतो. मला आठवत होतं. तिच्यानंतर आणखी एक बोलली, मग आणखी दोघी. घाटकोपरची ती गुटगुटीत सेविका रडायला लागली आणि रडता रडता स्वतःवरच चिडली, "रडून काय होणारे, च्या आईला!" मुलुंडची ती सेविका, जिने डबा खाता खाता मला विचारलं होतं, ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. सुट्टीत तिने डबा माझ्यापुढे सरकवला. मी एक घास घेतला.

तिनेच मग ठरवलं, काय करायचं ते. ज्यांची ज्यांची ओटी भरली त्या सगळ्या घरी परत जायचं. ओटीबद्दल बोलायचं नाही. बाळ कसं आहे ते बघायचं, बसायचं, निवांत बोलायचं. त्या गेल्या. काही घरी सगळं ठीक होतं. काही घरी नव्हतं. कारखान्यात दूध काढायला आडोसा मिळावा म्हणून आम्ही दोघा-तिघा मालकांना भेटलो. एकाने स्टोअरच्या खोलीला पडदा लावून दिला. बाकीचे बघू म्हणाले, अजून बघतायत.

ती मुलगी आता रांगते. वयाच्या मानाने हलकीच आहे, पण सेविका सांगते की वजन चढतंय, हळूहळू. मी मध्ये एकदा त्या वस्तीत दुसऱ्या कामाला गेलो होतो. संध्याकाळ झाली होती. डोंगराच्या पायथ्याशी पायऱ्या सुरू होतात तिथे ती सून भेटली, कामावरून येत होती, खांद्याला पिशवी. मी थांबलो. ती पण थांबली.

"कशी आहे मुलगी?" मी विचारलं.

"बरी आहे." मग पायरीकडे बघत, पण न रागावता ती म्हणाली, "सर, एक सांगू? तुम्ही घरी नका येऊ. ताई येते ती बास आहे. तुम्ही येणार म्हटलं की सासूबाई दोन दिवस आधीपासून घासतात-पुसतात. आणि मग खरं काही बोलत नाहीत."

"बरं," मी म्हणालो. "नाही येत."

"रागावू नका हां."

"नाही रागावलो."

ती पायऱ्या चढायला लागली. वरच्या वळणावर सेविका तिची वाट बघत उभी होती, मुलीला काखेला घेऊन. मुलीने आईला बघून दोन्ही हात पुढे केले. आई तिथेच पायरीवर बसली, पिशवी बाजूला टाकली, भिंतीकडे तोंड केलं आणि तिला पदराखाली घेतलं. सेविका आड उभी राहिली. मी मागे वळलो आणि स्टेशनच्या रस्त्याला लागलो.